पाच मागे, एक पुढे

गिरीजच्या सिप्रियन तुस्कानोला गाडी दुरुस्त करता येत नाही, असं वसईत कोणी म्हणत नसे. अडचण एवढीच होती, की आपल्याला एखादी गोष्ट दुरुस्त करता येत नाही असं सिप्रियनही कधी म्हणत नसे.

केळीच्या वाडीच्या टोकाला, बावखलाच्या काठावर त्याची पत्र्याची शेड होती. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं जुनं तळं. त्यात ऑइलचा तवंग दिसला की त्याची बायको इझाबेल घरातून अशी ओरडायची की झाडावरचे बगळे उडायचे. शेडमध्ये केळी नेणारे टेम्पो यायचे, मॅटाडोर यायच्या, अर्नाळ्याच्या कोळ्यांची बोटीची इंजिनं यायची. ती तो चांगलीच बरी करायचा. पण लोक त्याच्याकडे बाकीचंही आणायचे, मिक्सर, पंखे, एकदा तर एका आजोबांची कवळी, आणि प्रत्येकाला तो म्हणायचा, "होईल."

चर्चच्या पायपेटीचा भाता फाटला तेव्हा सिप्रियनने त्याला टेम्पोच्या ट्यूबचा तुकडा लावून दिला. पेटी वाजायला लागली हे खरं. पण मिस्सा चालू असताना, कोणी हात न लावता, ती मधेच एक लांब उसासा टाकायची. फादर प्रवचन थांबवून तिचं संपेपर्यंत वाट बघायचे. अर्नाळ्याच्या एका बोटीचं इंजिन त्याने असं जमवून दिलं की ते बंदच होईना. डिझेल संपेपर्यंत बोट किल्ल्याला प्रदक्षिणा घालत राहिली आणि किनाऱ्यावरून बोटवाल्याची बायको त्याला जेवायला हाका मारत राहिली.

"इंजिन चालत नव्हतं, आता चालतंय," सिप्रियन म्हणाला. "थांबवायचंही आहे, हे मला कोणी सांगितलं?"

अशा या माणसाच्या दारात दोन हजार तीनच्या जानेवारीत, नाताळचे तारे अजून घराघरांवरून उतरले नव्हते तेव्हा, एक पिवळी गाडी येऊन थांबली. दोन सीटांची, परदेशी, तव्यावर टाकलेल्या पापलेटसारखी चपटी. ती स्वतःच्या पायांनी आली नव्हती. पुढे ट्रॅक्टर होता आणि मधे नारळाच्या काथ्याचा दोर.

गाडीचा मालक कामणचा शत्रुघ्न घरत. तिशीचा, अंगाने आडवा, मनाने सरळ. घरच्या जमिनी गोदामांना गेल्या तेव्हा त्याच्या भावांनी बंगले बांधले आणि शत्रुघ्नने मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ही गाडी घेतली. ती ताशी किती वेगाने पळते हे तो भेटेल त्याला सांगायचा. ती वसईत कुठे पळवायची, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. गाडीचं पोट इतकं खाली होतं की प्रत्येक स्पीडब्रेकरवर ते घासायचं. म्हणून मागून जीपमधून त्याचे दोन चुलतभाऊ यायचे. स्पीडब्रेकर आला की ते खाली उतरून चाकांखाली फळ्या टाकायचे, गाडी पार झाली की फळ्या उचलायचे आणि पुन्हा जीपमध्ये बसायचे. कामणहून स्टेशनपर्यंत जायला शत्रुघ्नला बसपेक्षा जास्त वेळ लागायचा. पण सगळा रस्ता बघत राहायचा.

"काय झालं?" सिप्रियनने विचारलं.

"गिअर पडत नाय, मिस्तरी. दांडी हलते, गाडी हलत नाय."

झालं असं होतं, की भिवंडी रोडवर एका कंटेनरला मागे टाकायच्या नादात शत्रुघ्नने भरवेगात तिसरा गिअर ओढला आणि नेमकी त्याच वेळी त्याची चप्पल क्लचखाली अडकली. क्लच दाबलाच गेला नाही. आतून पापड भाजल्यासारखे आवाज आले, मग सुपारी फोडल्यासारखे, आणि मग काहीच आलं नाही.

सिप्रियनने गंभीर चेहऱ्याने पुढचं झाकण उघडलं. आत इंजिन नव्हतं. एक स्टेपनी होती आणि शत्रुघ्नची क्रिकेटची बॅट होती. सिप्रियनने बराच वेळ त्या बॅटकडे पाहिलं.

"मिस्तरी, इंजिन पाठीमागं हाय."

"मला ठाऊक आहे," सिप्रियन म्हणाला. "मी बॅट बघत होतो."

"अशी गाडी आधी खोललीव का कधी?"

"हिच्यापेक्षा मोठी खोललीय." हे खरंच होतं. अर्नाळ्याच्या बोटी हिच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या होत्या.

शत्रुघ्नला घाई होती आणि घाईचं नाव होतं स्वप्ना. ती वसंत नगरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. शत्रुघ्न तिथे नाव घालून गेला होता. त्याला माउस शेवटपर्यंत जमला नाही, पण क्लास त्याने सोडला नाही, आणि असं का हे स्वप्नाला कळायला वेळ लागला नाही. ती आचोळ्याला आईवडिलांबरोबर राहायची. वडील विलास सावंत मुंबईत एका बँकेत होते, मूळचे कणकवलीकडचे, बोलायला मोजके आणि इस्त्री कडक. मुलीने हट्ट धरला म्हणून त्यांनी होकार दिला होता, पण त्यांच्या मनातून शत्रुघ्न उतरलेलाच होता. "पुढचामागचा विचार न करता गाड्या उडवणारा मुलगा," असं ते त्याच्याबद्दल म्हणायचे. साखरपुडा ठरला होता. आपण पिवळ्या गाडीतूनच जाणार, असं शत्रुघ्नने सगळ्या कामणला सांगून ठेवलं होतं. गाडीचे सुटे भाग परदेशातून यायला पावसाळा उजाडला असता.

"साखरपुड्याच्या आत होईल ना?"

"होईल," सिप्रियन म्हणाला.

इझाबेल दारात उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

पहिली अडचण गाडीखाली शिरण्याची. जॅक आत जाईना, सिप्रियन तर त्याहून जाईना. शेवटी दोन्ही चुलतभावांनी आणि ट्रॅक्टरने मिळून गाडी नारळाच्या ओंडक्यांवर चढवली. तिथे ती अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी बसली. गिअरबॉक्स खाली उतरवून सिप्रियनने तो घराच्या ओटीवर आणला, कारण शेडमध्ये धूळ होती. एका लांब बाकड्यावर ठेवून त्याने तो उघडला.

उघडला आणि हातातला पाना खाली ठेवला.

टेम्पोचे गिअरबॉक्स त्याने शेकड्यांनी पाहिले होते. त्यात सगळं ठोकळ असायचं, हातोडीला भीक न घालणारं. हे वेगळंच होतं. एकेक चक्र आरशासारखं, एकेक दात तिरका कापलेला, आणि सगळे दात एकमेकांत असे बसलेले की मधून केस जाऊ नये. तळाशी तेलात तिसऱ्या गिअरचे तुटलेले दात पडले होते, तांदळात खडे दिसावेत तसे. सिप्रियनने कपाळावर क्रुसाची खूण केली. तो तिथे बसून राहिला. इझाबेल चहा ठेवून गेली, तो निवला. दुसरा ठेवून गेली, तोही निवला.

"काय बघतोस एवढं?"

"ज्याने हे बनवलं ना, त्याला घरी काही काम नसणार."

सिप्रियन काही लिहून ठेवत नसे. लिहिणं हे विसराळू माणसांचं काम, असं त्याचं मत होतं. कुठला भाग कसा बसला होता हे तो दिशांवरून लक्षात ठेवायचा. ओटीच्या एका बाजूला चर्चचा मनोरा दिसायचा, दुसऱ्या बाजूला बावखल. त्यामुळे त्याचा सगळा हिशेब असा असायचा: ह्या बेअरिंगचं तोंड चर्चकडे, ह्या चकतीची पाठ बावखलाकडे. भाग काढताना तो हे मोठ्याने म्हणायचा. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं, सिप्रियनने प्रार्थना वाढवली.

सगळे भाग त्याने केळीच्या पानांवर ओळीने मांडले, कोंबड्यांपासून वाचवायला वर मच्छरदाणी टाकली आणि तुटका तिसरा गिअर रुमालात बांधून तो वालीवला रामनाथकडे गेला. रामनाथ तिथल्या एका गाळ्यात कारखान्यांसाठी गिअर कापून द्यायचा. त्याने रुमाल सोडला.

"घड्याळाचा आहे का?"

"गाडीचा."

"असे दात मी फक्त टूथपेस्टच्या जाहिरातीत पाहिलेत," रामनाथ म्हणाला. "आणि ह्याचे तर अर्धे पडलेत. कवळी कर म्हणतोस?"

"तसंच धर."

रामनाथने कुरकुर करत माप घेतलं. चांगलं पोलाद शोधलं, गिअर कापला, पसंत पडला नाही म्हणून फेकला, पुन्हा कापला. मग तो भट्टीतून कडक करून आणला. सिप्रियन त्याच्या डोक्यावर बसून होता. मधल्या वेळात तो तिथल्या दोन कामगारांना गाडीचा वेग सांगायचा.

तिकडे घरी त्या दिवशी विभागाची रोझरी होती. शेजारपाजारच्या बायका-पुरुष माळेच्या प्रार्थनेला ओटीवर जमणार होते आणि मरियामातेच्या मूर्तीच्या जागेवर गिअरबॉक्स बसला होता. इझाबेलने चार माणसांना बोलावून बाकडं उचलायला लावलं. त्यांनी ते आतल्या खोलीत नेलं. प्रार्थना झाली, तळलेले गोड फुगे आणि चहा झाला. मग त्याच चौघांनी बाकडं बाहेर आणून होतं तिथे ठेवलं. जागा तीच होती. फक्त आत नेताना जे टोक पुढे होतं, बाहेर आणतानाही तेच पुढे राहिलं, आणि त्यामुळे गिअरबॉक्सचं तोंड आता विरुद्ध दिशेला होतं. हे इझाबेलला दिसलं नाही. चौघांना दिसलं नाही. सिप्रियन नवा गिअर छातीशी धरून आला, त्यालाही दिसलं नाही, कारण गिअरबॉक्स जिथे बसून उघडला होता तिथेच तो येऊन बसला आणि चर्च अजून चर्चच्याच जागी होतं.

त्याने जोडायला सुरुवात केली. "चर्चकडे तोंड. बावखलाकडे पाठ." एकेक भाग लोण्यात सुरी जावी तसा बसत गेला. एखादाच जरा आढेवेढे घ्यायचा, मग सिप्रियन त्याला समजवायचा आणि तो ऐकायचा. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी गिअरबॉक्स गाडीत चढला. उरलेलं असं काहीच नव्हतं, एक वॉशर सोडून, आणि तो इझाबेलच्या शिलाई मशीनचा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शत्रुघ्न आला तोच नवरदेव होऊन. सोनेरी शेरवानी, कपाळाला गंध, हातात नारळ. चुलतभाऊ फळ्या धुऊन घेऊन आले होते. शत्रुघ्नने गाडीसमोर नारळ फोडला, इझाबेलने तिच्यावर तीर्थजल शिंपडलं. दोन्हीकडची व्यवस्था झाली. सिप्रियन स्टिअरिंगवर बसला. गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं, पाठ वाडीकडे. सगळे पुढे उभे राहिले, म्हणजे नीट दिसेल.

"बाजूला व्हा," सिप्रियनने काचेतून हात काढून सांगितलं. "ही उडी मारते."

त्याने पहिला गिअर टाकला. काय सुरेख पडला तो, टिक् असा. सिप्रियन हसला. क्लच सोडला.

गाडीने उडी मारली. मागे.

आधी कोंबड्या उडाल्या. मग कपड्यांची दोरी गेली. मग केळीची एक रांग आडवी झाली, दुसरी झाली, तिसरीला गाडी अडली आणि बंद पडली. बावखल तिथून हातभर होतं. काचेवर इझाबेलचा गाऊन पसरला होता आणि टपावर केळीचा लोंगर.

"रिवर्स पडला," सिप्रियन आतून ओरडला.

त्याने दांडी पाहिली. पहिल्यावरच होती. त्याने दुसरा टाकून पाहिला, गाडी बोटभर मागे सरकली. तिसरा टाकला, मागे. मग मनाचा हिय्या करून त्याने रिवर्स टाकला. मागचे पांढरे दिवे लागले आणि गाडी अगदी सभ्यपणे, पाय मोजत, पुढे आली.

सिप्रियन उतरला. ओटीवर गेला. बाकड्याकडे पाहिलं, चर्चकडे पाहिलं, पुन्हा बाकड्याकडे पाहिलं. बाकड्याचा एक पाय उंदराने कुरतडलेला होता. तो नेहमी बावखलाच्या बाजूला असायचा. आता तो चर्चच्या बाजूला होता.

"इझाबेल, हे बाकडं कोणी हलवलं?"

"रोझरीला. का?"

सिप्रियन पायरीवर बसला. गिअरबॉक्सच्या पोटात एक मोठं दातेरी चक्र असतं, इंजिनाचा जोर तेच चाकांना देतं. बाकीचे भाग एकाच बाजूने बसतात, हे मात्र डाव्या बाजूनेही बसतं आणि उजव्याही. उलट बाजूने बसवलं, तर चाकं उलटी फिरतात. त्याने ते चर्चकडे तोंड करून बसवलं होतं, पण मधल्या काळात गिअरबॉक्सच फिरला होता. आता गाडीला मागे जायला पाच गिअर होते आणि पुढे जायला एक.

शत्रुघ्न समोर उभा होता, शेरवानीला केळीचा चीक लागलेला. सिप्रियनच्या तोंडाशी दोनतीन गोष्टी आल्या. परदेशात आता अशीच पद्धत आहे, असं सांगावं का? नवीन पार्ट बसायला वेळ लागतो म्हणावं का? मग त्याला तो रडवेला चेहरा दिसला.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

इझाबेल हातातला गाऊन घेऊन खाली बसली. "काय म्हणालास?"

"चुकलं म्हणालो."

"परत म्हण. मला नीट ऐकू नाही आलं."

"इझाबेल!"

पुन्हा उघडून जोडायला चार दिवस लागले असते. साखरपुडा दुपारी होता. इझाबेलने विचारलं, "अरे शत्रू, जीपने जा ना बाळा. त्यात काय?" पण कामणची सगळी मंडळी आधीच आचोळ्याला जाऊन पिवळ्या गाडीची वाट बघत बसली होती. शत्रुघ्नने पुढच्या गिअरने जाऊन पाहिलं. इंजिन कुत्र्यासारखं विव्हळायला लागलं, काटा लालवर चढला आणि वाटेने चाललेली एक म्हातारी त्यांना मागे टाकून गेली.

शत्रुघ्नने घाम पुसला. "मिस्तरी, मागं किती गिअर हायेत म्हनालात?"

"पाच."

"मग बसा."

अशी ही वरात निघाली. जी जीप एरवी मागे असायची ती आता पुढे गेली, आणि तिच्यामागून पिवळी गाडी शेपूट पुढे करून निघाली. शत्रुघ्न कमरेपासून वळून, मान पूर्ण मागे करून चालवत होता. मागची काच टपालपेटीच्या फटीएवढी होती, म्हणून बाजूला सिप्रियन खिडकीतून अर्धा बाहेर लोंबून दिशा देत होता.

"चर्चकडे घे! चर्चकडे!"

"कोनतं चर्च? आपन बाजारात हाव!"

"मग बावखलाकडे! बावखलाकडे, मेल्या, रिक्षा आली!"

पार नाक्यावर भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एक सायकलवाला गाडीचं तोंड बघून ती समोरून येतेय असं समजून बाजूला झाला आणि मग ती आपल्यापासून दूर जातेय की काय हे बघत कठड्याला धडकला. रेल्वेच्या पुलावर चढताना शत्रुघ्नने दुसरा टाकला, उतरताना तिसरा, आणि गाडी अशी सुटली की जीपमधले चुलतभाऊ मागे बघून किंचाळले.

पूल उतरल्यावर एकेरी रस्ता होता. जीप पुढून वळसा घालून गेली. शत्रुघ्नला ते दिसलं नाही, तो सरळ आत शिरला. हवालदाराने शिट्टी मारली.

"एकेरी रस्ता आहे. उलटे कुठून येताय?"

"साहेब, गाडीचं तोंड बघा," सिप्रियन म्हणाला. "बरोबर दिशेला आहे."

हवालदाराने तोंड पाहिलं. बरोबर दिशेला होतं. त्याने पाटी पाहिली. "पण तुम्ही येताय तिकडून."

"येतोय तिकडून. पण तोंड जाणाऱ्याचं आहे."

"मग जा ना पुढे!"

"पुढे गेलो तर साखरपुडा चुकेल."

हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. मग शत्रुघ्नकडे गेला. शत्रुघ्नची मान मागे वळलेली होती आणि ती काही केल्या पुढे येईना, त्यामुळे हवालदाराला गाडीला वळसा घालून मागच्या काचेतून त्याच्याशी बोलावं लागलं. "तुम्ही असं करा," तो शेवटी थकून म्हणाला, "माझ्या हद्दीतून बाहेर जा. कुठल्या अंगाने जायचं ते तुमचं तुम्ही बघा."

आचोळ्याला सावंतांच्या सोसायटीच्या गेटवर मांडव होता, बँजो पार्टी होती. स्वप्नाची आई जयवंती आरतीचं ताट घेऊन उभी होती, आणि विलासराव कडक इस्त्रीत, हात मागे बांधून. गल्लीच्या तोंडाशी पिवळी गाडी दिसली. पण तिची पाठ त्यांच्याकडे होती.

"अगं बाई!" जयवंती म्हणाली. "आल्या पावली परत चालले की काय? अहो, तुम्ही काही बोललात का त्यांना?"

विलासराव काही बोलले नव्हते, पण मनात पुष्कळ होतं, आणि ते आता कामणपर्यंत कसं पोचलं याचा त्यांना धक्का बसला. मांडवात पाहुणे होते. मुलगी आत नटून बसली होती. विलासराव धावले. बँकेत एवढी वर्षं काढली, पण त्यांना धावताना कोणी पाहिलं नव्हतं. "अहो थांबा!" ते हात हलवत ओरडले. "काही चुकलं असेल तर सांगा! असे जाऊ नका!"

गाडी जात नव्हती. येत होती, आणि दुसऱ्या गिअरला येत होती. हे लक्षात आल्यावर विलासराव जागच्या जागी वळले आणि आले त्याच्या दुप्पट वेगाने गेटकडे पळाले. मागून गाडी, खिडकीतून लोंबणारा सिप्रियन "चर्चकडे व्हा! चर्चकडे!" म्हणून ओरडणारा, आणि हे सगळं ठरवूनच चाललंय असं समजून बँजो पार्टीने जोरात सुरुवात केली. विलासराव मांडवात शिरले. गाडी मांडवाच्या खांबापाशी येऊन थांबली.

जयवंतीने ताट सरसावलं, तिला समोर सायलेन्सरच दिसला. तिने त्यालाच एकदा ओवाळलं.

मग शत्रुघ्न बाहेर आला. गाडी बुटकी असल्यामुळे तो नेहमीच आधी पाठमोरा निघायचा. आज तो निघाला तसाच राहिला, कारण मान मागे वळून धरली होती. जयवंती ओवाळायला पुढे आली की त्याचा चेहरा दुसरीकडे असायचा. ती वळसा घालून गेली, तर त्याने नम्रपणे तिच्याकडे वळायचा प्रयत्न केला आणि चेहरा पुन्हा पलीकडे गेला. शेवटी वळसा घालून पोचलेल्या चुलतभावांनी त्याला धरून ठेवलं.

दारातून स्वप्ना हे सगळं बघत होती. ती हसायला लागली ती थांबेचना. खुर्ची आणावी लागली. डोळ्यांतलं काजळ गालावर आलं.

विलासराव धापा टाकत पुढे झाले. "हा काय प्रकार आहे?"

शत्रुघ्नला त्यांच्याकडे बघता येत नव्हतं. सिप्रियन मधे आला. डोक्यात केळीचं वाळकं पान होतं. "ह्याची काही चूक नाही. गिअरबॉक्स मी उलटा जोडला. हा म्हणाला, स्वप्नाच्या घरी कबूल केलंय, जायचं म्हणजे जायचं. एवढा रस्ता मान वाकडी करून आलाय."

"जीपने यायला काय झालं होतं?"

"तेच आम्ही सगळे विचारतोय," एक चुलतभाऊ म्हणाला.

स्वप्नाने डोळे पुसले. "पप्पा, तुम्ही म्हणायचात ना, हा पुढचामागचा विचार करत नाही? निदान मागचा तरी करतो हो."

विलासरावांनी ओठ घट्ट मिटून घेतले. खांदे हलायला लागले. मग तेही फुटले. असे हसले, की इस्त्री मोडली. जयवंतीने नंतर सांगितलं, लग्नाच्या दिवशीसुद्धा हे एवढे हसले नव्हते.

साखरपुडा झाला. अंगठी घालताना स्वप्नाला शत्रुघ्नच्या पाठीमागे उभं राहावं लागलं, म्हणजे तो तिच्याकडे बघू शकेल. अल्बममधल्या सगळ्या फोटोंत नवरदेव हाक ऐकून वळल्यासारखा दिसतो. मान दोनतीन दिवसांनी हळद आणि शेक देऊन सरळ झाली.

गाडी ट्रॅक्टरने गिरीजला परत आली. सिप्रियनने सगळं पुन्हा उतरवलं. ह्या वेळी त्याने बाकड्याचे चारही पाय ओटीला खिळे ठोकून बसवले. इझाबेलला त्यावर बराच राग आला, पण तिने काही म्हटलं नाही. तिला एक गोष्ट हवी होती. गाडी नीट झाली, पुढे पुढे आणि मागे मागे जायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "माझी केळी गेली, माझा गाऊन गेला. आता मला गाडीतून फिरवायचं."

शत्रुघ्नने फोनवर हसत परवानगी दिली. इझाबेल डोक्याला रुमाल बांधून बसली, सिप्रियन चालवायला. चुलतभाऊ फळ्या घेऊन आले. केळीच्या वाड्या, चर्च, आगाशीचा बाजार मागे टाकत गाडी अर्नाळ्यापर्यंत गेली. सरळ रस्ता लागला तेव्हा सिप्रियनने तिसरा गिअर टाकला, रामनाथने कापलेला. कुठे खरखर नाही, धक्का नाही. सिप्रियनने इझाबेलकडे पाहिलं.

"काय?"

"काय काय? बघतोय."

"रस्ता बघ," ती म्हणाली, पण तीही खूश होती.

किनाऱ्यावर बोंबील, जवळा वाळत घातलेले होते. इथवर आलोच आहोत तर म्हणून इझाबेलने वर्षाची बेगमी केली. गाडीच्या पुढच्या झाकणाखाली रिकामी जागा होतीच. तिथे सुके बोंबील मावले, जवळा मावला, ताज्या बांगड्यांची एक करंडी मावली. ऊन कडक होतं. वाटेत ओळखीच्या घरी चहाला थांबले, चहाचं जेवण झालं, आणि माल संध्याकाळपर्यंत झाकणाखाली राहिला.

लग्नानंतर स्वप्नाने शत्रुघ्नला विचारलं, की दोन सीटांच्या गाडीत आपण, आई, पप्पा आणि पुढेमागे होणारी मुलं कशी बसणार? शत्रुघ्नने आठवडाभर विचार केला आणि गाडी पुण्याच्या एका हौशी माणसाला विकली. त्या माणसाने ती पळवून पाहिली आणि गिअरबॉक्सवर फिदा झाला. दुरुस्ती कोणी केली विचारून त्याने सिप्रियनचा नंबर नेला.

महिनाभराने त्याचा फोन आला. सिप्रियन जेवायला बसला होता, इझाबेलने रिसीव्हर त्याच्या कानाला लावून धरला.

"गाडी अप्रतिम आहे हो," पुणेकर म्हणाला. "पण एक तक्रार आहे. एसी लावला की आत कसलातरी भयंकर वास येतो. तीन ठिकाणी दाखवून झालं. कोणालाच कळत नाही. तुम्हाला काही अंदाज?"

सिप्रियनने इझाबेलकडे पाहिलं. इझाबेलने पदर तोंडात कोंबला.

"वास," सिप्रियन घास गिळत म्हणाला. "कुठल्या गिअरला येतो?"